खेड्यातली मंडळी : बेळगाव-निपाणी सीमाभागातील ख्रिस्ती समाजाची पायाभरणी

मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती माणूस आपल्या चर्चला सहसा ‘मंडळी’ म्हणतो. इमारत म्हणजे देऊळ किंवा चर्च, आणि तिथे उपासनेला जमणारी माणसे म्हणजे मंडळी. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही ‘बोलावून एकत्र आणलेली सभा’ असाच आहे. बेळगाव, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातील ग्रामीण ख्रिस्ती समाजाचा इतिहास समजून घेताना हा फरक आधी ध्यानात ठेवावा लागतो. खेड्यात माणसे आधी जमली. देवळाच्या भिंती कित्येक वर्षांनी उभ्या राहिल्या, काही ठिकाणी तर एक पिढी उलटल्यावर.

या भागात ख्रिस्ती धर्म मुख्यतः तीन वाटांनी आला. बेळगावच्या छावणीतून लंडन मिशनरी सोसायटीचे काम पसरले, कोल्हापूरकडून अमेरिकन मिशनचे आले, आणि गोव्याकडून घाट चढून कॅथलिक परंपरा आली. तिन्ही वाटांचा स्वभाव वेगळा होता. मात्र प्रॉटेस्टंट मिशनांच्या छोट्या ग्रामीण मंडळ्यांची घडण बहुतेक ठिकाणी एकाच क्रमाने झाली.

छावणीतील सुरुवात

१८१८ साली पेशवाई बुडाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जनरल टॉमस मन्रो यांच्या फौजेने बेळगावचा किल्ला घेतला आणि शहराला लागून इंग्रजांची छावणी वसली. १८१३ च्या सनदी कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात मिशनऱ्यांचा मार्ग मोकळा झाला होताच. १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बल्लारीहून बेळगावात आले. पुढे विल्यम बेनन त्यांना येऊन मिळाले आणि दोघांनी इथे दीर्घकाळ काम केले.

त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न भाषेचा होता. छावणीत मद्रासकडून आलेल्या लोकांची तमिळ, पेठेत मराठी, आणि शहराबाहेर पडले की एका दिशेला मराठी तर दुसऱ्या दिशेला कन्नड. बल्लारीच्या त्याच मिशनने १८३१ पर्यंत संपूर्ण कन्नड बायबल छापून काढले. मराठीत सेरामपूरचा नवा करार १८११ पासून होता, पण संपूर्ण बायबल मुंबईतील अमेरिकन मिशनच्या प्रयत्नांतून १८४७ मध्ये हाती आले. बेळगावच्या मिशनला त्यामुळे आरंभापासूनच दोन्ही भाषांत पाय ठेवून चालावे लागले आणि सीमाभागातल्या मंडळ्यांचे हे वैशिष्ट्य पुढेही टिकले.

१८३२ मध्ये मिशनने बेळगावात इंग्रजी शाळा काढली. तीच आजची बेननस्मिथ हायस्कूल. याच बेळगावात १८३१ साली जन्मलेले बाबा पदमनजी मिशनच्या शाळेत शिकले, पुढे मुंबईला गेले आणि १८५४ मध्ये बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८५७ चे त्यांचे ‘यमुनापर्यटन’ मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ओळखले जाते आणि ‘अरुणोदय’ हे त्यांचे आत्मचरित्र धर्मांतराच्या मानसिक प्रवासाचा मोलाचा दस्तऐवज आहे. वाचन, वादविवाद आणि मनातली दीर्घ झुंज या वाटेने एकटा शिकलेला माणूस ख्रिस्ती झाला. शहरात असेच घडत होते. खेड्यातली वाट निराळी होती.

कोल्हापूरची वाट आणि एक महत्त्वाचा वाद

१८५२ च्या अखेरीस रॉयल गोल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी अहमदनगरचे काम सोडून कोल्हापुरात आले. कोल्हापूर संस्थानाचा मुलूख तेव्हा ब्रिटिश जिल्ह्यांत गुंतलेला होता. बेळगाव जिल्ह्याच्या पोटात असलेला रायबाग भाग कोल्हापूरचा, तर निपाणी १८३९ पासून इंग्रजांकडे. कोल्हापूरहून निपाणी जेमतेम चाळीस किलोमीटर. भाषा, सोयरिकी, बाजारहाट सगळे एकच. त्यामुळे कोल्हापुरात सुरू झालेले काम निपाणी-चिकोडीकडे सरकणे स्वाभाविक होते. विसाव्या शतकाच्या आरंभी निपाणीतही मिशनचे केंद्र झाले.

वाइल्डर यांची ओळख मुख्यतः शाळांसाठी होती. पण १८५४-५५ मध्ये त्यांना पाठवणाऱ्या बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन भारतात पाहणीला आले आणि त्यांनी वेगळा आग्रह धरला. मिशनने इंग्रजी शाळांवर शक्ती खर्च करू नये, खेडोपाडी छोट्या मंडळ्या स्थापाव्यात, त्यांवर एतद्देशीय पाळक नेमावेत आणि त्या मंडळ्यांनी आपला खर्च, आपला कारभार आणि आपला प्रचार स्वतः करावा, असे त्यांचे मत होते. वाइल्डर यांना शाळांचा संकोच मान्य नव्हता. बोर्डाशी त्यांचे बिनसले. १८५७ मध्ये ते मायदेशी गेले आणि १८६१ मध्ये स्वतंत्रपणे कोल्हापुरात परतले. १८७० मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाने ते काम आपल्याकडे घेतले आणि १८७५ मध्ये वाइल्डर कायमचे परत गेले.

हा वाद केवळ दोन व्यक्तींचा नव्हता. मंडळी आधी की शाळा आधी, हा प्रश्न प्रत्येक खेड्यात नव्याने उभा राहत होता. अनुभवाने दिलेले उत्तर असे, की अक्षरओळख नसलेली मंडळी उपदेशकावर अवलंबून राहते, आणि मंडळी नसलेली शाळा शिक्षकाची बदली झाली की बंद पडते. ज्या गावी दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली चालल्या, तिथे काम रुजले.

मास्तर, उपदेशक आणि एक छप्पर

खेड्यातल्या मंडळीचा आरंभ बहुधा एका माणसापासून होई. मिशनने पाठवलेला हा एतद्देशीय मास्तर दिवसा मुलांना बाराखडी आणि पाढे शिकवी. दिवसभर राबून आलेल्या मोठ्यांना तो संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात शुभवर्तमानातली एखादी गोष्ट वाचून दाखवी. रविवारी तोच उपासना चालवी. जागा म्हणजे कुणाचा तरी सोपा, नाहीतर गवताने शाकारलेली खोली. गोऱ्या मिशनऱ्याची फेरी वर्षातून काही वेळाच, तीही हिवाळ्यात तंबू घेऊन. बाकीचे सगळे दिवस या मास्तरांचे आणि त्यांच्या बायकांचे असत. अहवालांत नावे मिशनऱ्यांची छापली गेली, पण खेड्यातल्या मंडळ्या उभ्या केल्या त्या या माणसांनी. त्यांतल्या कित्येकांचे नावही आज कुणाला सांगता येत नाही.

‘बायबल-बाई’ हीदेखील या व्यवस्थेची महत्त्वाची कडी. पुरुष उपदेशकाला जिथे प्रवेश नव्हता त्या घरांच्या माजघरात ती जाई, बायकांना वाचायला शिकवी, आजाऱ्याची विचारपूस करी. एकोणिसाव्या शतकातल्या खेड्यात अंगावर पोथी-पिशवी घेऊन एकटी फिरणारी, वाचता येणारी बाई हेच मोठे नवल होते.

शाळेचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळची एक घटना पुरेशी आहे. १८५६ मध्ये शेजारच्या धारवाडात एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि तो नाकारण्यात आला. तक्रार मुंबई सरकारपर्यंत गेली, तरी त्या मुलाला तेव्हा वर्गात जागा मिळाली नाही. अशा मुलखात महारवाड्यात किंवा मांगवाड्यात येऊन, मुलाला जवळ बसवून, हात धरून पाटीवर ‘ग’ गिरवून घेणारा मास्तर लोकांना काय वाटला असेल, हे सांगायला नको. खेड्यातल्या मंडळ्यांत बहुसंख्य कुटुंबे याच दोन वाड्यांमधून आली.

एकट्याचा नव्हे, घराचा निर्णय

गावात एकटा माणूस ख्रिस्ती झाला तर तो एकाच वेळी सोयरे, शेजार आणि पोट या तिन्हींना मुकत असे. म्हणून खेड्यात निर्णय बहुधा घराने, भावकीने किंवा पंचांनी बसून घेतला. लोकांच्या मनात अनेक कारणे एकत्र असत. उपासनेतली शांती आणि येशूच्या गोष्टीची ओढ, मुलांना शिकवण्याची इच्छा, माणूस म्हणून मिळणारी वागणूक, आणि सावकार किंवा पाटलाच्या जाचात कुणीतरी पाठीशी उभे राहील ही आशा. यांपैकी एकच कारण खरे आणि बाकीची खोटी असे म्हणणे त्या माणसांवर अन्याय करणारे आहे.

मेथडिस्ट मिशनरी जे. वास्कम पिकेट यांनी भारतातील सामूहिक धर्मांतरांची विस्तृत पाहणी करून १९३३ मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली. त्यांचा एक निष्कर्ष खेड्यातल्या मंडळीला नेमका लागू पडतो. लोक कोणत्या हेतूने आले यापेक्षा बाप्तिस्म्यानंतर त्यांना शिक्षण, उपासना आणि पाळकाची सोबत किती मिळाली, यावर मंडळीचे पुढचे आयुष्य ठरले.

बाप्तिस्म्याआधी शिक्षणाचा काळ असे. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना आणि विश्वासाची कबुली तोंडपाठ करावी लागे. निरक्षर आजीबाईही नातवाकडून ऐकून ती पाठ करत. नेमलेल्या दिवशी नदीवर, विहिरीवर किंवा छपराखालीच पाण्याच्या भांड्यापाशी पूर्ण कुटुंबाचा बाप्तिस्मा होई. काहींनी नावे बदलली, काहींनी जुनीच ठेवली. योहान, पेत्र, मार्था, रूथ या नावांशेजारी लक्ष्मण आणि गंगूबाई ही नावेही मंडळीत नांदली.

मोजलेली किंमत

खेडे बलुतेदारीवर चालत होते. महाराने गावकी करायची, मेलेले जनावर ओढायचे, येसकरकी सांभाळायची आणि त्याबदल्यात बलुते व वतनाच्या जमिनीचा तुकडा मिळवायचा. ख्रिस्ती झालेल्या घराने ढोर ओढायचे नाकारले की बलुते बंद होई आणि ढोर ओढले तर मंडळीत मान खाली जाई. १८५० च्या जातिविषयक अपात्रता निवारण कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क जाणार नाही असे ठरवले होते, पण कायदा जिल्ह्याच्या गावी आणि खळे पाटलाच्या दारात, अशी स्थिती होती. दफनासाठी जमीन मिळवणे हाही प्रश्न असे. अनेक गावांत मंडळीची पहिली सामायिक मालमत्ता देवळाआधी दफनभूमीची होती.

मंडळीच्या आतही सगळे सहज सुटले नाही. महार आणि मांग या दोन समाजांतली जुनी दरी बाप्तिस्म्याच्या पाण्याने लगेच भरली नाही. एकत्र जेवण आणि सोयरीक यांना बराच काळ लागला आणि काही ठिकाणी हा प्रश्न पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचला. एकाच पेल्यातून प्रभुभोजन घेणे हा म्हणूनच खेड्यातला सर्वांत कठीण आणि सर्वांत मोठा धडा ठरला.

दुष्काळ आणि दवाखाना

१८७६-७८ च्या दुष्काळाने मुंबई इलाख्याचे दक्षिणेकडील जिल्हे होरपळून निघाले. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० मध्ये पुन्हा तीच वेळ आली. मिशनांनी अन्नछत्रे चालवली, अनाथ मुले सांभाळली, रस्ते-विहिरींची कामे काढली. ‘भाकरीसाठी ख्रिस्ती झाले’ हा आरोप तेव्हापासूनचा. दुष्काळ सरल्यावर काही घरे परत फिरलीही. पण अनाथाश्रमात वाढलेल्या मुलांतूनच पुढच्या काळातले अनेक मास्तर, परिचारिका आणि पाळक घडले, हेही तितकेच खरे.

दवाखान्याने या भागाला मंडळीची आणखी एक ओळख दिली. प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय उघडले. निपाणी-चिकोडीकडच्या माणसाला ‘मिरजेला न्या’ हा सल्ला तेव्हापासून ठाऊक झाला. खेड्यातल्या ख्रिस्ती मुलींना परिचारिकेचे शिक्षण आणि मानाची नोकरी मिळाली, ती मिशनच्या अशाच रुग्णालयांमुळे.

मंडळीची घडी

पुरेशी कुटुंबे झाली की मंडळीची रीतसर स्थापना होई. प्रेस्बिटेरियन पद्धतीत सभासद आपल्यातूनच वडील निवडतात. पाळक आणि वडील मिळून मंडळीचा कारभार पाहतात, शिस्तीचे प्रश्न सोडवतात आणि वरिष्ठ सभेकडे प्रतिनिधी पाठवतात. ज्यांना गावच्या पंचायतीत उभे राहून बोलता येत नव्हते, ती माणसे इथे सभेचे इतिवृत्त लिहू लागली, हिशेब मांडू लागली, मत देऊ लागली. खेड्याच्या दृष्टीने ही लहान घटना नव्हती.

या कारभाराचे सर्वांत बोलके साधन म्हणजे मंडळीची नोंदवही. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वेगवेगळी पाने असतात आणि नाव, बापाचे नाव, गाव, तारीख, साक्षीदार अशी घरे आखलेली असतात. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने तिला कायद्याचे वजन दिले. विवाहाची सूचना आधी जाहीर करायची, विधी सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेत उरकायचा, दोन साक्षीदारांसमोर सह्या घ्यायच्या, असे नियम आले. पहिल्या पिढीच्या पानांवर सह्यांच्या जागी अंगठे दिसावेत आणि नातवंडांच्या लग्नात त्याच घरात मोडीतली किंवा बाळबोध सही यावी, एवढा बदल दोन पिढ्यांत घडत होता.

पैशाचा प्रश्न मात्र कायम कठीण राहिला. पाळकाचा पगार सुरुवातीला मिशनकडून येई. तो मंडळीने उचलावा हा आग्रह होता, पण सभासद मजूर आणि अल्पभूधारक. यातून मार्ग निघाला तो धान्याच्या दानाचा. आजही अनेक ग्रामीण मराठी मंडळ्यांत हंगामाचा सण साजरा होतो, तो पाहण्यासारखा असतो. वेदीपुढे शाळूची कणसे, भुईमुगाच्या शेंगा, ऊस, मिरच्या, भोपळे, अंडी, पाय बांधलेली कोंबडी मांडलेली असते. उपासनेनंतर लिलाव सुरू होतो. एखादा भोपळा घेणारा पैसे देतो आणि तो पुन्हा दान करतो. मग दुसरा घेतो, तोही परत देतो. असे करत एकच भोपळा पाच-सहा वेळा विकला जातो आणि संध्याकाळी सगळ्यांच्या घरून थोडेथोडे घेऊन मंडळीची पेटी भरते. अँडरसन यांनी सांगितलेली स्वावलंबनाची कल्पना खेड्याने अशी आपल्या रीतीने अमलात आणली.

भजन आणि कीर्तन

परक्या चालीवरची भाषांतरित गीते खेड्यात फार काळ जमली नाहीत. टाळ, मृदंग आणि पेटी देवळात आली तेव्हा मंडळी गाऊ लागली. ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा अहमदनगरकडे सुरू होऊन दक्षिणेपर्यंत पोचली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक यांनी वारकरी परंपरेतली अभंगाची भाषा ख्रिस्ती उपासनेत आणली. त्यांची पदे ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून मराठी मंडळ्यांत सर्वत्र गायली जातात. सीमाभागात एकाच उपासनेत एक गीत मराठी आणि दुसरे कन्नड होणे हेही नित्याचेच आहे.

हस्तांतर आणि नव्या सीमा

१९०४ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीने बेळगावचे काम अमेरिकन मेथडिस्ट एपिस्कोपल मिशनकडे सोपवले. त्यानंतर बेळगावच्या परिसरातील ग्रामीण मंडळ्यांची वाढ मुख्यतः मेथडिस्ट शिस्तीत झाली. कोल्हापूर-निपाणीकडील प्रेस्बिटेरियन मंडळ्या १९२४ च्या उत्तर भारतीय संयुक्त चर्चमध्ये आल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तर १९८१ मध्ये मेथडिस्ट चर्च इन इंडिया ही स्वायत्त संस्था झाली. कॅथलिकांसाठी १९ सप्टेंबर १९५३ रोजी बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला. त्यापूर्वी हा भाग गोव्याच्या धर्मपीठाशी जोडलेला होता.

याच काळात दलित समाजापुढे इतर वाटाही खुल्या होत होत्या. एप्रिल १९२५ मध्ये निपाणीत मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अधिवेशन डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत भरले. स्वाभिमानाचा शोध एकच होता, त्याची उत्तरे निरनिराळी होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती दलितांना नाहीत. खेड्यातल्या मंडळीची आर्थिक ओढाताण समजून घेताना ही गोष्ट विसरता येत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. कोल्हापूरशी जोडलेल्या निपाणीकडच्या मंडळ्या एका राज्यात आणि त्यांची जुनी केंद्रे दुसऱ्या राज्यात, अशी विभागणी झाली. तरी रविवारची घंटा, सोयरिकी आणि मराठी बायबल यांनी ती रेषा फारशी मानली नाही.

या मंडळ्यांचा इतिहास मिशनच्या इंग्रजी अहवालांत अर्धाच आहे. उरलेला अर्धा खेड्यातल्या देवळांच्या कपाटात, वाळवी लागत चाललेल्या नोंदवह्यांत आहे. अंगठ्यापासून सहीपर्यंत पोचलेल्या घरांची नावे फक्त तिथेच सापडतात. सीमाभागातल्या प्रत्येक मंडळीने आपल्या जुन्या वह्यांची पाने टिपून, त्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात. हे काम आजच्या पिढीने केले नाही, तर पुढच्या पिढीला ते करता येणार नाही.